शरदातल्या लग्नाची फुलं कमी खर्चात: आधी मोजणी, मग पाणी, शेवटी मांडणी

लग्नाची फुलं घरच्या घरी लावायची ठरवली, की बहुतेक मंडळी एकाच क्रमाने जातात. आधी एखादा फोटो आवडतो. मग त्यातली फुलं शोधली जातात. लग्नाच्या आदल्या दिवशी ती आणली जातात आणि आणल्या आणल्या फुलदाणीत खोचली जातात. हा क्रमच घात करतो. फोटोतली फुलं वसंतातली असतील, तर शरदात ती काचघरातून किंवा लांबून येतात आणि कित्येक पट महाग पडतात. आदल्या दिवशी आणलेली फुलं तहानलेली आणि अर्धी मिटलेली असतात. सरळ फुलदाणीत गेलेलं फूल दुसऱ्या दिवशी ऐन समारंभात मान टाकतं.

खाली दिलेला क्रम शक्यतो मोडू नका. यातली प्रत्येक पायरी पुढच्या पायरीचा खर्च ठरवते.

## १. आधी जागा मोजा, फूल नंतर ठरवा

कागद घ्या आणि फुलं नेमकी कुठे कुठे लागणार आहेत ते लिहा: वधूच्या हातातला गुच्छ, करवल्यांचे गुच्छ, छातीवर लावायची फुलं, जेवणाची टेबलं, कमान, प्रवेशाची जागा. मग यादीतल्या प्रत्येक जागेला एकच प्रश्न विचारा: इथे लोक किती वेळ थांबणार आहेत? जिथे दोन मिनिटंही कुणी थांबत नाही, ती जागा खोडून टाका. फुलांच्या खर्चात सर्वांत मोठी बचत इथे होते, स्वस्त फूल शोधण्यात नाही. दहा ठिकाणी विरळ फुलं लावण्यापेक्षा चार ठिकाणी भरगच्च लावलेली केव्हाही चांगली दिसतात.

आता प्रत्येक जागेसाठी काड्या मोजा. काडी म्हणजे एक देठ, मग त्यावर एक फूल असो की सात. सुरुवातीचा अंदाज असा धरा:

- वधूचा गुच्छ: पानांसह २५ ते ३० काड्या
- करवलीचा गुच्छ: १२ ते १५ काड्या
- टेबलावरची बुटकी मांडणी, तोंड १० ते १२ सेंटिमीटर: सुमारे १५ काड्या
- छातीवरचं फूल: १ मुख्य फूल आणि २ बारीक तुकडे

उदाहरणार्थ, १० टेबलांना १५० काड्या, वधूच्या गुच्छाला ३०, तीन करवल्यांना प्रत्येकी १२ म्हणजे ३६ आणि छातीवरच्या आठ फुलांना २४. बेरीज २४०. त्यात दहा टक्के तुटफूट धरली की २६४. दूरवरून गाडीने येणाऱ्या किंवा नाजूक फुलांसाठी पंधरा टक्के धरा.

कमान आणि लांब पानांची माळ यांचा असा ठोकळ अंदाज देता येत नाही, कारण कुणी दाट बांधतं, कुणी विरळ. त्यासाठी अर्धा मीटर प्रत्यक्ष बांधून बघा, काड्या मोजा आणि लांबीने गुणा.

## २. हंगामातली फुलं कामानुसार निवडा

शरद म्हणजे उत्तर गोलार्धात साधारण सप्टेंबर ते नोव्हेंबर आणि दक्षिण गोलार्धात मार्च ते मे. या काळात फुलांची चणचण नसते. चूक होते ती सगळी मोठी, देखणी फुलं घेण्यात. मांडणीला चार प्रकारचा माल लागतो, आणि त्यातला एकच प्रकार महाग असतो.

ठळक फुलं. डेलिया, मोठ्या आकाराची शेवंती, सूर्यफूल, गुलाब. नजर आधी यांच्यावर जाते. टेबलाला ३ पुरतात.

मधली फुलं. झिनिया, छोटी फांदीदार शेवंती, झेंडू, अ‍ॅस्टर, कार्नेशन, कॉसमॉस. भर यांचीच असते. टेबलाला ५.

पोत देणारी. कोंबडा (मखमली तुऱ्याचं फूल), गोंफ्रेना (छोट्या कागदी गोंड्यांसारखी फुलं), स्टॅटिस (बारीक कागदी फुलांचे झुबके), गोल्डन रॉड, गवताचे तुरे, गुलाबाची पक्व फळं. टेबलाला २.

पानं. निलगिरी किंवा कोणतीही जून, चिवट पानं. टेबलाला ५.

कमी खर्चाचा कणा म्हणजे फांदीदार शेवंती. एका काडीला पाच-सात फुलं येतात, फांद्या वेगळ्या केल्या तर बुटक्या फुलदाणीत एकाच काडीचे तीन-चार तुकडे लावता येतात, आणि पाणी व्यवस्थित मिळालं तर ती दहा-बारा दिवस सहज टिकते. शेवंतीला कमी लेखायची सवय सोडून द्या. गंजलेल्या तांबड्या, मधाच्या आणि फिकट गुलाबी छटांची, चेंडूसारखी गोल किंवा कोळ्याच्या पायांसारख्या पाकळ्यांची शेवंती वधूच्या गुच्छातही डेलियाच्या तोडीस तोड दिसते, आणि डेलियासारखी लवकर उतरत नाही.

डेलिया मात्र जपून घ्या. तोडल्यावर ती फारशी उमलत नाही, त्यामुळे जेवढी उमललेली घ्याल तेवढीच राहणार. पाण्यात तिचं आयुष्य तीन ते पाच दिवसांचं. सगळी मांडणी डेलियावर उभी करू नका. वधूच्या गुच्छात पाच-सहा आणि मुख्य टेबलावर काही, एवढं पुरे.

सावध: थंड प्रदेशात पहिलं हिम (गोठलेलं दव) पडलं की डेलिया, झिनिया, कॉसमॉस आणि झेंडू एका रात्रीत काळे पडतात. शेवंती हलकं हिम सोसते. लग्न हंगामाच्या अखेरीस असेल, तर हिमाला बळी पडणाऱ्या प्रत्येक फुलाशेजारी त्याचा पर्याय लिहून ठेवा: डेलियाऐवजी मोठी शेवंती, झिनियाऐवजी कार्नेशन.

रंगांबद्दल एक गोष्ट. शरद म्हटलं की लोक वाइनसारखा लाल, गडद जांभळा आणि तपकिरी रंग निवडतात. हे रंग दिवसा सुंदर दिसतात. संध्याकाळच्या मंद दिव्यांत आणि फोटोंत तेच काळे डाग वाटतात. गडद फुलं एकूण फुलांच्या चौथाईच्या आत ठेवा आणि त्यांच्या लगत फिकट पीच, मलई किंवा मोहरीचा पिवळा येईल असं बघा. गडद रंग उठून दिसायला शेजारी उजेड लागतो.

## ३. एक नमुना बांधून बघा

लग्नाच्या दोन-तीन आठवडे आधी एका टेबलाची मांडणी प्रत्यक्ष करा. फुलं तीच हवीत असं नाही, आकार आणि संख्या तीच हवी. फुलदाणी मात्र खरी, लग्नात वापरायची तीच घ्या. फुलदाणीचं तोंड दोन सेंटिमीटरने मोठं असलं, तरी काड्या बाहेर ढळतात आणि ती भरायला तीन-चार जास्त लागतात. दहा टेबलांना म्हणजे तीस-चाळीस काड्या. हा हिशोब नमुना न बांधता कळत नाही.

नमुना तयार झाला की टेबलाशी बसा, कोपर टेबलावर ठेवा आणि मूठ वर करा. मांडणी मुठीच्या वर जात असेल, तर समोरासमोर बसलेल्यांना एकमेकांचे चेहरे दिसणार नाहीत. साधारण ३० सेंटिमीटरच्या आत राहा. उंचच हवी असेल, तर फुलं ६० सेंटिमीटरच्या वर न्या आणि मधला भाग बारीक दांड्यासारखा मोकळा ठेवा. मधल्या उंचीची मांडणी कुणाच्याच सोयीची नसते.

नमुना करायला लागलेला वेळही लिहून ठेवा. पहिल्याला चाळीस मिनिटं लागली असतील, तर सरावानंतर वीस लागतील. दहा टेबलांना तीन तास वीस मिनिटं, तीही एका माणसाची. या आकड्यावरून मदतीला किती हात बोलवायचे ते कळतं.

## ४. मागणी देताना

फूलवाल्याला किंवा शेतकऱ्याला फुलाचं नाव सांगण्याआधी रंग आणि काम सांगा. ‘पीच रंगाची, मध्यम आकाराची, ५० काड्या, त्या आठवड्यात जे चांगलं असेल ते’ अशी मागणी असली की त्याच्याकडे मुबलक असलेला माल तुम्हाला मिळतो, आणि मुबलक माल नेहमी स्वस्त असतो. एका विशिष्ट जातीच्या विशिष्ट छटेवर अडून बसलं की भाव वाढतो. असा हट्ट फक्त वधूच्या गुच्छापुरता ठेवा.

किंमत काडीवर ठरवू नका. दिसणाऱ्या फुलांवर ठरवा. सात फुलांची एक काडी एकफुली काडीच्या दुप्पट भावाची असली, तरी तीच स्वस्त. जुडी किती काड्यांची आहे हे आधी विचारून घ्या. जुड्या दहाच्या असतात, वीसच्याही असतात, आणि ‘पाच जुड्या’ म्हणताना दोघांच्या मनात वेगळे आकडे असले की ऐनवेळी पंचाईत होते.

फुलं एकाच दिवशी मागवू नका. प्रत्येकाचा वेळ वेगळा:

- ४ ते ५ दिवस आधी: लिलीसारख्या मिटलेल्या कळ्या
- ३ दिवस आधी: शेवंती, कार्नेशन, गुलाब, स्टॅटिस, सगळी पानं
- २ दिवस आधी: झिनिया, झेंडू, कोंबडा, अ‍ॅस्टर, सूर्यफूल
- १ दिवस आधी, सकाळी: डेलिया, कॉसमॉस

स्टॅटिस आणि गोंफ्रेना ही वाळूनही रंग टिकवणारी फुलं आहेत. ती कित्येक आठवडे आधी घेऊन, उलटी टांगून, अंधाऱ्या कोरड्या जागी वाळवून ठेवली तरी चालतात. शेवटच्या आठवड्याची धावपळ तेवढीच कमी होते.

माल ताब्यात घेताना वरून बघू नका, मागून बघा. डेलियाच्या मागच्या पाकळ्या मऊ किंवा कागदी झाल्या असतील, तर फूल उतरणीला लागलंय. गुलाब देठाजवळ हलकेच दाबा. तो टणक लागला पाहिजे. बाहेरच्या दोन-तीन पाकळ्या चुरगळलेल्या असल्या तर चिंता नाही, त्या संरक्षणाच्या असतात आणि काढून टाकायच्याच असतात. डेझीसारख्या शेवंतीचा मधला डोळा घट्ट असावा, परागाने पिवळाधमक आणि पसरलेला नसावा.

झिनियाची परीक्षा वेगळी. फुलाच्या खाली वीसेक सेंटिमीटरवर देठ धरा आणि हलवा. देठ ताठ राहिला तर फूल तयार आहे. मान लटपटली तर ते कच्चं तोडलंय, आणि ते पाण्यातही सावरत नाही. बागेतून स्वतः तोडणार असाल तर ही परीक्षा प्रत्येक काडीवर करा. तोडायची वेळ भल्या पहाटेची, उन्हं चढायच्या आत.

शरदातली रंगीत पानांची फांदी फार मोहात पाडते. घेण्याआधी ती जोरात झटका. पानं गळली तर ती तिथेच सोडा, नाहीतर ती जेवणाच्या ताटांत गळणार. गवताचे तुरेही पूर्ण पिकलेले नकोत, हात लावला की भुसा सांडतो. जंगली फळांचे घोस ओळखीचे नसतील तर घेऊ नका. काही विषारी असतात, काहींचे डाग कपड्यांवरून जात नाहीत.

## ५. फुलं येण्याआधी जागा तयार हवी

२६४ काड्यांना, एका बादलीत तीसेक धरल्या, तरी नऊ बादल्या लागतात. काड्या कोंबल्या तर पाकळ्या चिरडतात आणि हवा न खेळल्याने बुरशी धरते. बादल्या साबणाने आणि ब्लीचच्या पाण्याने घासून, स्वच्छ धुऊन ठेवा. ज्या बादलीतलं पाणी तुम्ही स्वतः पिणार नाही, त्या बादलीत फूल ठेवू नका.

जागा थंड, अंधारी, वाऱ्याच्या झोताबाहेरची असावी. पंख्याखाली किंवा एसीच्या थेट झोतात फुलं सुकतात.

सावध: पिकणारी फळं आणि फुलं एका खोलीत ठेवू नका. सफरचंद, केळी यांतून इथिलीन वायू सुटतो आणि कार्नेशनसारखी फुलं त्याने झोपी गेल्यासारखी मिटतात. घरातला फ्रीज वापरायचा असेल, तर आधी त्यातली सगळी फळं-भाज्या बाहेर काढा आणि फुलं मागच्या भिंतीला टेकवू नका, तिथे ती गोठतात. झिनियाला तर फ्रीज नकोच, थंडी तिला सोसत नाही.

घरात मांजर असेल तर लिली आणूच नका. तिचे परागसुद्धा मांजराच्या जिवावर बेततात. शेवंतीही मांजराच्या पोटात जाऊ नये.

साहित्य: धारदार कात्री किंवा छाटणीची कात्री, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली तारेची जाळी, पारदर्शक चिकटपट्टी, देठांना गुंडाळायची ताणून चिकटणारी फुलवाल्यांची टेप, सुतळी, टाचण्या, पुसायला जुने पंचे. बोथट कात्रीने देठ चेचला जातो आणि पाणी ओढायच्या नळ्या बंद होतात. कात्रीवर पैसे वाचवू नका.

## ६. पाणी पाजणं: ही पायरी टाळली की बाकी सगळं वाया

फुलं आली की सजावटीला हात लावायचा नाही. आधी त्यांना पोटभर पाणी प्यायला द्यायचं. देठ तोडल्याबरोबर कापलेल्या टोकातून हवा आत शिरते आणि पाण्याची वाट अडवते. म्हणून नवा छेद द्यावा लागतो.

१. बादलीत एक तृतीयांश ते अर्ध्यापर्यंत कोमट पाणी भरा. त्यात फुलांसाठी मिळणारी खाद्यपूड पाकिटावर दिलेल्या मापाने घाला. ती नसेल तर १ लिटर पाण्याला १ चहाचा चमचा साखर आणि पाव चमचा साधं घरगुती ब्लीच. साखर फुलाला खाऊ घालते, ब्लीच जिवाणूंना आवरतं. नुसती साखर घातली तर जिवाणूंचीच मेजवानी होते.

२. पाण्याच्या पातळीखाली येणारं प्रत्येक पान काढा. बुडालेलं पान कुजतं आणि पूर्ण बादली नासते. झेंडू आणि कोंबड्याची जवळजवळ सगळीच पानं काढून टाका. झेंडूचा उग्र वास मुख्यतः पानांत असतो, आणि कोंबड्याची पानं फुलाच्या कितीतरी आधी मलूल होतात.

३. देठ तिरका, २ सेंटिमीटर वरून कापा आणि काही सेकंदांत पाण्यात टाका. पूर्ण जुडी कापून मग पाण्याकडे वळू नका. एक कापा, एक बुडवा.

४. किमान ४ तास, शक्यतो रात्रभर, थंड अंधाऱ्या जागी ठेवा.

५. रोज पाणी बदला. सूर्यफूल पाणी भरपूर पितं आणि गढूळही लवकर करतं. त्याची बादली वेगळी ठेवा.

सावध: ब्लीच घातलेल्या पाण्यात लिंबू किंवा व्हिनेगर मिसळू नका. त्यातून विषारी वायू सुटतो.

काही फुलांचे लाड वेगळे करावे लागतात. डेलियाचे देठ कापून, सुमारे ७० अंश सेल्सिअस गरम पाण्यात पाच-सात सेंटिमीटर बुडवा आणि पाणी गार होईपर्यंत, म्हणजे तासभर, तसेच राहू द्या. वाफ फुलाला लागू देऊ नका. हायड्रेंजिया मलूल झाली, तर तिचं अख्खं डोकं गार पाण्यात अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवा. पाकळ्यांतूनही ती पाणी घेते. गुलाबाने मान टाकली असेल, तर देठ पाण्याखाली धरून कापा, फूल ताठ राहील असा कागद गुंडाळा आणि गळ्यापर्यंत खोल पाण्यात दोन-तीन तास ठेवा. बहुतेक सावरतात. चीक येणारे देठ हातमोजे घालून हाताळा, चिकाने कातडी चुरचुरते. ते पहिल्या रात्री वेगळ्या बादलीत ठेवा.

कोंबड्याच्या तुऱ्यात किडे लपून बसतात. पाण्यात ठेवण्याआधी तुरा उलटा धरून झटका.

तपासा: दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक काडी हातात आडवी धरा. मान ताठ असली तर ती कामाला घ्या. झुकली तर बाजूला काढा. संशय आहे पण टाकवत नाही असं वाटणारी फुलं हमखास वधूच्या गुच्छात जाऊन बसतात आणि तिथे दगा देतात. दहा टक्के जास्तीची फुलं याचसाठी घेतली होती.

## ७. टेबलावरच्या मांडण्या, आदल्या दिवशी दुपारी

हिरवा फोम सोयीचा वाटतो, पण तो प्लास्टिकचाच प्रकार आहे, मातीत कुजत नाही, एकदा भोसकला की पुन्हा वापरता येत नाही आणि त्यात फुलं पाण्यापेक्षा कमी टिकतात. तारेची जाळी चेंडूसारखी चुरगळून फुलदाणीत बसवा, दोन-तीन थर होतील इतकी, आणि वरून चिकटपट्टीची फुली मारा. हीच जाळी धुऊन पुढेही चालते. फोमच वापरणार असाल, तर तो पाण्यावर नुसता सोडा आणि आपोआप बुडू द्या. हाताने दाबून बुडवला की आत कोरडी पोकळी राहते, आणि तिथे रोवलेलं फूल तासाभरात सुकतं.

क्रम असा ठेवा. आधी फुलदाणीत दोन तृतीयांश पाणी. मग पानं: पाच काड्या, तीन कडेने बाहेर झुकलेल्या, दोन मधे थोड्या उंच. इथे घेर ठरतो. मग तीन ठळक फुलं, पण एका रेषेत नाही आणि एका उंचीवरही नाही: एक अगदी कडेला टेकलेलं, एक मधल्या उंचीवर, एक सर्वांत वर पण थोडं कलतं. नंतर मधली फुलं, जोडीने. एकाच रंगाची दोन फुलं शेजारी ठेवली की डोळ्याला विसावा मिळतो, सगळीकडे एकेक पेरली की ठिपके दिसतात. पोत देणाऱ्या दोन काड्या शेवटी, इतरांपेक्षा तीन-चार सेंटिमीटर बाहेर.

दर दोन काड्यांनंतर फुलदाणी पाव वळसा फिरवा. टेबलाला चारही बाजूंनी माणसं बसतात, पण मांडणारा नकळत एकाच बाजूने मांडतो.

सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे सगळी फुलं एका पातळीवर कापणं. गवत कापल्यासारखा सपाट माथा येतो. काही फुलं मुद्दाम खोल बसवा, फुलदाणीच्या ओठाच्या आतपर्यंत. दुसरी चूक म्हणजे पानांचा मारा. पानं स्वस्त म्हणून ती जास्त घातली जातात आणि फुलं झुडपात हरवल्यासारखी दिसतात. पानं तिसऱ्या हिश्शाच्या वर जाऊ देऊ नका.

## ८. हातातला गुच्छ

हा आदल्या संध्याकाळी बांधा. टेबलं आटोपल्यावर, कारण तोवर हात बसलेला असतो.

देठांच्या खालच्या अर्ध्या भागावरची सगळी पानं, काटे काढा. एक ठळक फूल सरळ धरा. पुढची प्रत्येक काडी डावीकडून उजवीकडे, एकाच तिरकस दिशेने टेकवा आणि दर काडीनंतर जुडी थोडी फिरवा. दिशा एकदाही उलटली की देठ अडकतात आणि फुलं चेंगरतात. बरोबर बांधला तर देठ पिळासारखे पसरतात आणि गुच्छ टेबलावर स्वतःच्या पायांवर उभा राहतो. पडला तर सोडा आणि पुन्हा बांधा. सुतळीने घट्ट बांधायची जागा फुलांच्या खाली साधारण हाताच्या पंज्याइतक्या अंतरावर असावी. देठ खाली १५ ते २० सेंटिमीटर ठेवा आणि सरळ कापा.

गुच्छ हातात घेऊन दहा मिनिटं उभं राहा. मनगट दुखलं तर पाच-सहा काड्या काढा, त्यात शोभा कमी होत नाही. मोठ्या फुलांचा तीसपेक्षा जास्त काड्यांचा गुच्छ वधूला दिवसभर पेलत नाही.

रिबन आत्ता बांधू नका. गुच्छ रात्रभर पाण्यात उभा राहणार आहे. समारंभाच्या तासभर आधी देठ बाहेर काढून कोरडे पुसा, मग रिबन. ओले देठ कपड्यांवर डाग पाडतात.

## ९. छातीवरची फुलं आणि कमान

छातीवरच्या फुलाला पाणी मिळत नाही, आणि मिठी मारताना ते चिरडतं. डेलिया, कॉसमॉस, हायड्रेंजिया इथे चालतच नाहीत. छोटी शेवंती, गोंफ्रेना, स्टॅटिस आणि एखादं जून पान घ्या. एकूण लांबी ८ ते १० सेंटिमीटर. टेप ताणत ताणत वरून खाली गुंडाळा. ताणल्याशिवाय ती चिकटत नाही, आणि ‘ही टेप खराब आहे’ अशी तक्रार बहुतेक वेळा याचमुळे असते. तयार फुलं डब्यात, ओलसर कागदावर, झाकण लावून गार जागी ठेवा. पाकळ्यांवर पाणी शिंपडू नका, डाग पडतात. दोन फुलं जास्तीची करा. एखादं पडतं आणि एका पाहुण्याचं नाव यादीतून सुटलेलं असतं.

कमान सर्वांत शेवटी, समारंभाच्या दोनेक तास आधी. ती पूर्ण झाकायची गरज नाही. एका वरच्या कोपऱ्यात मोठा झुबका आणि समोरच्या बाजूला खाली छोटा झुबका, एवढ्याने नजर भरते आणि फुलं निम्म्याहून कमी लागतात. जाळीचे गोळे प्लास्टिकच्या पट्ट्यांनी कमानीला घट्ट आवळा, आधी चिवट पानं खोचून जाळी झाका, मग शेवंती, कार्नेशन, कोंबडा. नाजूक फूल लावायचंच असेल, तर त्याचा देठ पाणी भरलेल्या छोट्या नळीत हवा. उन्हात उभी कमान असेल तर ते टाळलेलंच बरं.

## १०. ने-आण आणि लग्नाचा दिवस

फुलदाण्यांतलं पाणी नेताना एक तृतीयांशावर आणा. खोक्यात फुलदाण्यांच्या मधे कागदाचे बोळे घट्ट कोंबा, एकही हलता कामा नये. मांडणीचा माथा खोक्याच्या छताला टेकत असेल तर छत कापून टाका. गाडी आधी थंड करून मग फुलं ठेवा आणि उन्हात उभ्या गाडीत ती दहा मिनिटंही सोडू नका. गुच्छ बादलीत, बादली आडवी होणार नाही अशी कोपऱ्यात अडवून.

पोहोचल्यावर पहिलं काम पाणी भरणं. हे हमखास विसरतं, कारण सगळे टेबलक्लॉथ आणि खुर्च्यांमागे लागलेले असतात. एका माणसाला झारी देऊन फक्त हेच काम सोपवा.

सोबतच्या पिशवीत कात्री, टेप, टाचण्या, सुतळी, पंचा असू द्या, आणि एका बादलीत वीसेक सुटी फुलं. लिलीचे पराग कुणाच्या कपड्याला लागले तर पाणी लावू नका आणि हाताने चोळूही नका, चिकटपट्टीने टिपून घ्या.

समारंभानंतर कमानीवरचे झुबके आणि करवल्यांचे गुच्छ जेवणाच्या जागी हलवायचे असतील, तर कोण हलवणार आणि कुठे ठेवणार हे आधी लिहून त्या माणसाच्या हातात द्या. मुख्य टेबलावर दोन-तीन रिकाम्या, पाणी भरलेल्या फुलदाण्या तयार ठेवल्या, की करवल्या आपले गुच्छ नुसते त्यांत ठेवून देतात आणि त्या टेबलासाठी वेगळी फुलं घ्यावी लागत नाहीत. ही बचत पहिल्या पायरीतल्या मोजणीतच धरा, म्हणजे तेवढ्या काड्या मागवायच्याच नाहीत.